रायफलची गोळी, पिस्तुलाचा हात: ससून डॉकपासून कोल्हापूरपर्यंत

इस्लामपूरहून मी बोलतोय. हा एपिसोड ऐकायच्या ऐवजी वाचताय म्हणजे एकतर तुमचे इअरफोन हरवलेत, नाहीतर तुम्ही ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहात. दोन्ही चालतंय.

आज सुरुवात एका छोट्या कोड्याने करू. कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकतो. एकीच्या हातात दीड किलोच्या आतलं पिस्तूल, दुसऱ्याच्या खांद्याला लांबलचक रायफल. मग दोघांमध्ये सारखं काय?

गोळी. दोघं एकाच प्रकारचं काडतूस वापरतात. त्याचं नाव पॉइंट टू टू लाँग रायफल. नावातच रायफल आहे आणि ते पिस्तुलात बसतं!

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे रील्स. आपल्या सगळ्यांच्या फोनवर त्या अमेरिकन रेंजवरच्या रील्स येतात. एक बुटकी, काळी, एआर-१५ सारखी दिसणारी वस्तू, नळीच्या तोंडातून हातभर जाळ, आणि खाली लिहिलेलं असतं 'पिस्टल'. मित्रांच्या ग्रुपवर हमखास वाद होतो, की अरे हे पिस्तूल कसं, ही तर रायफल आहे. बीजीएमआय खेळून खेळून आपण सगळेच हत्यारांचे तज्ज्ञ झालोय. म्हटलं, या वादाचा इतिहास एकदा नीट मांडूया. तो आपल्या मुंबईतून जातो, कोलकात्यातून जातो आणि पेठ नाक्यावरून एसटी पकडली की पोहोचता येईल अशा कोल्हापुरातही येतो.

आधी थोडं इंजिनिअरिंग

मी सॉफ्टवेअरवाला, पण बीटेक झालंय, त्यामुळे दोन मिनिटं सहन करा.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय? ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. पण रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं नळीत बसवणं हे काम हत्यार स्वतः करतं. पुढच्या गोळीसाठी ट्रिगर पुन्हा दाबावा लागतो. दाबून धरला की धडधड चालू राहते ते ऑटोमॅटिक. सिनेमात हे दोन्ही एकच दाखवतात.

आता हे स्वतःचं स्वतः काम करायला ऊर्जा कुठून येते? गोळी पुढे जाते तेव्हा तितक्याच जोराचा धक्का मागे येतो. काडतूस छोटं असेल तर मागचा पोलादी ठोकळा आणि एक स्प्रिंग एवढ्यावर भागतं. धक्का ठोकळ्याला मागे ढकलतो, स्प्रिंग त्याला परत पुढे आणते, येताना तो नवीन काडतूस घेऊन येतो. संपलं. याला ब्लोबॅक म्हणतात. पॉइंट टू टू चालतं ते असंच. तिची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते आणि स्पर्धेतली गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास जाते, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा जराशी कमी. हे मुद्दाम केलेलं असतं. आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याच्या खाली येताना गोळी थोडी डगमगते आणि स्पर्धेत तेवढ्यानेही दहाचा नऊ होतो.

लष्करी रायफलचं काडतूस मात्र वेगळा प्राणी आहे. ५.५६ मिलिमीटरचं घ्या. व्यास जवळपास पॉइंट टू टू इतकाच, पण बारूद कितीतरी जास्त. ऊर्जा दहा-बारा पट. इथे नुसता ठोकळा आणि स्प्रिंग पुरत नाही. दाब उतरेपर्यंत मागचं दार कुलूपबंद ठेवावं लागतं. शिवाय हे काडतूस लांब नळीसाठी, साधारण ५०८ मिलिमीटरच्या नळीसाठी जमवलेलं आहे. नळी आखूड केली की बरीच बारूद नळीच्या बाहेर जळते. रीलमधला तो हातभर जाळ दिसायला भारी असतो, पण इंजिनिअरच्या भाषेत तो लॉस आहे. आवाज वाढतो, गोळीचा वेग घटतो.

मग असं काहीतरी कुणी बनवेलच का? यासाठी मागे जाऊ.

१८९६: एक जर्मन पिस्तूल आणि मुंबईतला एक खांदा

१८९६ मध्ये जर्मनीच्या माउझर कंपनीने सी-९६ नावाचं पिस्तूल आणलं. सेमी-ऑटोमॅटिक, ७.६३ मिलिमीटर, आत १० गोळ्या. गंमत म्हणजे त्याचं मॅगझिन दस्त्यात नव्हतं, ट्रिगरच्या पुढे होतं. रायफलमध्ये असतं तसं. गोळ्या भरायच्या त्याही रायफलसारख्या, वरून पट्टीने. मागच्या माशीवर खुणा थेट १,००० मीटरपर्यंत. आणि पिस्तूल ठेवायची लाकडी पेटी दस्त्याला मागून जोडली की तीच खांद्याला लावायचा बट व्हायची. म्हणजे पिस्तूलच, पण मनात रायफल. गोळीचा वेग सेकंदाला ४३० मीटरच्या आसपास, त्या काळच्या पिस्तुलांत सगळ्यात जास्त.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, एक तरुण ब्रिटिश अधिकारी बोटीने मुंबईला आला. ससून डॉकच्या ओल्या पायऱ्यांपाशी लहान होडीतून उतरताना त्याने भिंतीतली लोखंडी कडी पकडली, तेवढ्यात लाटेने होडी बाजूला गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. नाव विन्स्टन चर्चिल. तो खांदा त्याला आयुष्यभर छळत राहिला. पुढे पोलो खेळताना तो हात पट्ट्याने बांधून खेळायचा.

दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ ला, सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत घोडदळाचा हल्ला झाला. बाकीचे तलवारी आणि भाले घेऊन धावले. चर्चिलने मात्र खांद्यामुळे आधीच ठरवलं होतं, तलवार नको. त्याच्या हातात होतं माउझर सी-९६. तो वाचला. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे, आणि त्यातला बंगालच्या दुष्काळाचा भागही विसरायचा नाहीये.

पण बघा, ससून डॉकवरच्या एका लाटेचा जगाच्या इतिहासाशी असा संबंध लागतो.

हत्यार कुणाकडे असावं?

चर्चिलला ते पिस्तूल लंडनच्या दुकानात विकत मिळालं. त्याच काळात आपल्याकडे काय होतं? १८७८ चा आर्म्स अ‍ॅक्ट. व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. भारतीय माणसाला हत्यार बाळगायला परवाना हवा, युरोपियनांना सूट. १८५७ ची धास्ती त्यामागे होती. ज्या सातारा-सांगलीच्या मुलखात घरोघरी तलवारी होत्या, तिथे हत्यार एकदम 'सरकारी' वस्तू झाली.

कायद्याने बंद केलेली गोष्ट चोरवाटेने येतेच. लंडनमधून सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, ती चतुर्भुज अमीन याच्या सामानातून भारतात आली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली.

मग २६ ऑगस्ट १९१४. कोलकात्यातल्या रोडा अँड कंपनी या हत्यारांच्या ब्रिटिश व्यापाऱ्याचा माल कस्टममधून गोदामाकडे निघाला होता. वाटेत दहा पेट्या गायब झाल्या. आत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० गोळ्या. हो, तेच माउझर, लाकडी बटवालं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९१५ मध्ये, बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्याचे चार साथीदार पोलिसांच्या मोठ्या तुकडीशी लढले ते माउझर घेऊनच.

१९१८ मध्ये रौलट समितीचा अहवाल आला. त्यात रोडाच्या चोरीचं सविस्तर वर्णन आहे, आणि पेटी जोडली की हे पिस्तूल रायफलसारखं खांद्यावरून चालवता येतं हेही नमूद आहे. पुढच्याच वर्षी रौलट कायदा आला, मग जालियनवाला बाग. एका डिझाइनमुळे कायदा आला असं मी म्हणणार नाही. पण 'हे पिस्तूल की रायफल?' हा रीलखालचा वाद शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या सरकारी कागदावर पोहोचला होता, हे मला तरी भारी वाटतं.

आणि आपल्या भागात? सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि इथे इस्लामपूरला कचेरीवर मोर्चे निघाले, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं गेली. मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहीर यांचं नाव आहे, ते त्याच लढ्यातले हुतात्मा. बंदुकीच्या कोणत्या बाजूला कोण उभं असतं, हे इथल्या जुन्या माणसांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

अमेरिका: कायद्याने काढलेलं डिझाइन

आता त्या रीलकडे परत.

१९३४ मध्ये अमेरिकेने नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आणला. गुंडांच्या टोळ्यांचा काळ होता. मूळ मसुद्यात पिस्तुलांवरही बंधन होतं. मग कुणी रायफलचीच नळी कापून पिस्तूल करू नये म्हणून आखूड नळीची रायफलही यादीत घातली. पुढे पिस्तुलं यादीतून वगळली गेली, आखूड रायफल मात्र तशीच राहिली! २०२५ पर्यंत त्यावर २०० डॉलर कर होता, आणि सरकार दरबारी नोंद. आज ती मर्यादा १६ इंच नळीची आहे.

कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. ज्या फीचरसाठी एक कंडिशन लिहिली होती ते फीचर काढून टाकलं, कंडिशन तशीच राहिली. मग लोक त्या कंडिशनच्या कडेकडेने चालायला लागतात.

तसंच झालं. खांद्याला लावायचा बट नसेल तर कायद्याच्या नजरेत ती रायफल नाही, पिस्तूल आहे. मग नळी कितीही आखूड चालते. म्हणून एआर-१५ चं काळीज, आखूड नळी, मागे बट नाही, आणि नाव 'पिस्टल'. २०१२ मध्ये एका दिव्यांग माजी सैनिकाला एका हाताने असं जड हत्यार पेलता यावं म्हणून मनगटाला बांधायचा ब्रेस निघाला. हेतू चांगला होता. पण हजारो लोकांनी तो सरळ खांद्याला लावला. २०२३ मध्ये सरकारने नियम केला की असा ब्रेस म्हणजे बटच, २०२४ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला.

याची दुसरी बाजू रीलमध्ये येत नाही. २२ मार्च २०२१ ला कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावात एका सुपरमार्केटमध्ये १० माणसं मारली गेली. हल्लेखोराकडे होतं ते असंच एआर 'पिस्टल', ब्रेस लावलेलं. कागदावरच्या व्याख्येने कुणाचा जीव वाचत नाही.

रायफलच्या काडतुसाचं पिस्तूल म्हणजे सगळं वाईटच, असंही नाही बरं का. तिथे १९७० च्या दशकात हँडगन सिल्हूट नावाचा खेळ वाढला, मूळ कल्पना मेक्सिकोतली. लोखंडी कोंबडी ५० मीटरवर, रानडुक्कर १०० वर, टर्की १५० वर आणि मेंढा २०० मीटरवर. गोळी लागून नुसता टण्ण आवाज होऊन उपयोग नाही, लोखंड पडलं पाहिजे. २०० मीटरवरचा मेंढा पाडायला दमदार काडतूस लागतं, म्हणून रायफलच्या ताकदीची पिस्तुलं वापरात आली. पण त्यातली बरीचशी एकेक गोळी भरायची होती. नेम महत्त्वाचा, वेग नाही.

आता कोल्हापूर

जगभर खेळाने निवडलं ते उलट टोक, सगळ्यात लहान काडतूस. पॉइंट टू टू लाँग रायफल १८८७ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने रायफलसाठी काढलं. त्याचा धाकटा भाऊ पॉइंट टू टू शॉर्ट १८५७ पासून होताच, तोही स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरसाठी. पुरुषांच्या रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात बराच काळ हे 'शॉर्ट' वापरायचे, धक्का कमी बसतो म्हणून. २००५ पासून नियम बदलला आणि तिथेही लाँग रायफलच सक्तीचं झालं. धक्का वाढला, गुण थोडे घसरले, खेळ अवघड झाला. मुद्दाम केला.

या प्रकाराचा सगळ्यात मोठा माणूस म्हणजे हंगेरीचा कारोली ताकाच. १९३८ मध्ये हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेला. आपल्या विजय कुमारचं २०१२ चं रौप्यही याच प्रकारातलं.

महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. नियम ऐका. पिस्तूल जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम. नळी १५३ मिलिमीटरपर्यंत. ट्रिगरला किमान १,००० ग्रॅमचा दाब लागलाच पाहिजे. धरायचं एका हाताने, दुसऱ्या हाताचा आधार नाही. ६० गोळ्या. पहिल्या ३० निवांत, प्रत्येक पाच गोळ्यांना पाच मिनिटं, दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं. पुढच्या ३० मध्ये हात खाली ४५ अंशात, खूण झाली की तीन सेकंदांत हात वर, नेम, एक गोळी. मग सात सेकंद थांबा. पुन्हा तीन सेकंद. नुसतं घड्याळ लावून रिकाम्या हाताने करून बघा, तीन सेकंद म्हणजे काय ते कळेल.

यातली बरीच नामांकित पिस्तुलं, जर्मनीची वॉल्थर जीएसपी असो की इटलीची पार्डिनी, त्यांचं मॅगझिन कुठे असतं माहितीये? ट्रिगरच्या पुढे. १८९६ च्या माउझरसारखं! कारण मात्र वेगळं. मॅगझिन दस्त्यातून काढलं की दस्ता खेळाडूच्या हाताच्या मापाने कोरता येतो, आणि वजन पुढे गेल्यामुळे नळी कमी उसळते. युद्धासाठी निघालेली मांडणी कागदाला भोकं पाडण्याच्या कामी आली.

राही सरनोबत २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला वर्ल्ड कप सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय पिस्तूल नेमबाज ठरली. आणि २२ ऑगस्ट २०१८, पालेमबांग. फायनलला राही आणि थायलंडची नफास्वान दोघींचे ३४ गुण. शूट-ऑफ. पाचपैकी चार-चार, पुन्हा बरोबरी. दुसरा शूट-ऑफ. राही तीन, नफास्वान दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी पहिली भारतीय महिला. दहा गोळ्यांच्या त्या ताणात फरक पडला तो फक्त एका गोळीचा.

तिच्याच शहरातली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली होती. तीही याच काडतुसावर. म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत कोल्हापूरने रायफल आणि पिस्तूल दोन्हीकडे जगाला हलवलं, आणि ते जगातल्या सगळ्यात लहान गोळ्यांपैकी एकीने.

मग आपल्यासाठी काय?

आपल्या देशात १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आहे. ९ मिलिमीटर पिस्तूल, .३०३ रायफल ही लष्करी मापं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणूनच आपल्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि .३१५ ची रायफल ऐकू येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, खेळाडूंसाठी वेगळ्या सवलती आहेत. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या रीलमधलं एआर 'पिस्टल' इथे छंद म्हणून घेण्याचा प्रश्नच नाही, आणि मला स्वतःला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही.

मला खटकतं ते दुसरं. आपल्या भागातल्या पोरांना बंदूक दोनच ठिकाणी दिसते: रीलमध्ये, आणि 'गावठी कट्ट्यासह तरुण ताब्यात' या बातमीत. तिसरी जागा, म्हणजे रेंज, फार थोड्यांना दिसते. स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याचं पॅरिसनंतर सगळ्यांनी वाचलं. एक गोळी झाडली की पैसे गेले, ती परत येत नाही. ऊसाचं बिल कधी जमा होणार याची वाट बघणाऱ्या घरात हे गणित काय होत असेल, विचार करा.

सुरुवात मात्र त्याहून खूप सोपी आहे. १० मीटरचं एअर पिस्तूल किंवा एअर रायफल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, बारूद नाही, जागा मोठ्या हॉलएवढी. तालुक्याला एक हॉल, एक प्रशिक्षक आणि चार एअर पिस्तुलं, एवढं आपल्या नगरपालिका, साखर कारखाने, शाळा मिळून करू शकत नाहीत असं मला वाटत नाही. कुस्तीच्या तालमी आपण लोकवर्गणीतून उभ्या केल्याच की.

आणि तिथे पोरगा पहिल्या दिवशी काय शिकतो? बंदूक कायम भरलेलीच आहे असं समजायचं. नळी माणसाकडे करायची नाही, रिकामी असली तरी. बोट नेम लागेपर्यंत ट्रिगरवर नाही. सांगितलं की खाली ठेवायची, वाद नाही. कट्टा खिशात घालून स्टेटस टाकणाऱ्याला यातलं एकही कुणी शिकवलेलं नसतं.

तर ग्रुपवरच्या वादाचं उत्तर असं: पिस्तूल की रायफल हे काडतूस ठरवत नाही. नळी, बट, आणि बऱ्याचदा कायद्याच्या पुस्तकातली एक ओळ ते ठरवते. पण ती वस्तू खेळ आहे की धोका, हे ठरतं तिच्याभोवती किती शिस्त आहे यावरून.

तुमच्या गावात किंवा तालुक्यात एअर रायफलची रेंज असेल तर व्हॉइस नोट पाठवा, कोण चालवतं, फी किती, मुली येतात का. आलेली माहिती पुढच्या एपिसोडमध्ये एकत्र करून सांगतो. आणि पुढचा विषय जरा थंड डोक्याचा आहे: किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर. भेटूया!